काच दोन बोटं खाली

१

गाडी पाठवायची कशी, हा प्रश्नच नव्हता. पाठवायची कशाला, यावरून भांडण होतं.

"आई, ती गाडी उरली आहे का आता? भंगारवालासुद्धा नाक मुरडेल तिच्याकडे बघून," मुलगा फोनवर म्हणाला. "इथे माझी आहे ना चांगली. तुला हवं तिथे फिरवीन."

"मला फिरायचं नाहीये. गाडी आली तर मी येईन, नाहीतर तू सुखी राहा तिकडे."

"अगं, देशाचं दुसरं टोक आहे हे!"

"मग काय झालं? ट्रेलरवर घालून नेतात गाड्या. वरच्या मजल्यावरच्यांनी नेली होती बदली झाली तेव्हा."

मावशींनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मुलाला तर जन्मापासून. त्याने दोन दिवस धुसफुस केली आणि मग मुकाट्याने एक वाहतूक कंपनी शोधून दिली.

गाडी होती छोटी, राखी रंगाची, हाताने फिरवायच्या काचांची. मावशींच्या यजमानांची. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत, आणि ते आयुष्यात कधी जहाजात चढले नव्हते. वीज मंडळात मीटर तपासण्यात सगळी नोकरी सरली. पण गाडी चालवायला बसले की पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, आणि वेग असा की मागे गाड्यांची वरात. बिल्डिंगच्या पोरांनी चिडवायला ठेवलेलं नाव त्यांना इतकं आवडलं की पुढे दारावरही तेच लावायचा त्यांचा विचार होता. मावशींनी तो हाणून पाडला.

मग कॅप्टनचं हृदय थकलं. आडवं झालं की छातीत पाणी भरायचं आणि जीव गुदमरायचा. उशांचे ढीग झाले, खुर्ची झाली, झोप काही येईना. एकदा डॉक्टरांकडून परतताना मावशी गाडी चालवत होत्या, आणि शेजारच्या डाव्या सीटवर, पाठ अर्धवट मागे पाडून, ते गाढ झोपले. घर आलं. किती दिवसांनी डोळा लागला होता माणसाचा! मावशींना उठवायचा धीर होईना. त्या तशाच चाकामागे बसून राहिल्या. तेव्हापासून कितीतरी रात्री दोघांनी खाली पार्किंगमध्येच काढल्या. तीन जिने चढायचा त्रासही वाचायचा.

एकच अट असे. डावी काच दोन बोटं खाली हवी. थंडी असो, पाऊस असो. काच पूर्ण लागली की कॅप्टन घाबरेघुबरे व्हायचे. "पेटीत घातल्यासारखं वाटतं गं," म्हणायचे. शेवटी शेवटी बोलायचं बळ नसलं की नुसती दोन बोटं वर करून दाखवायचे.

गेले ते मात्र हॉस्पिटलात. तिथे रोज एकच विचारायचे, "घरी कधी जायचं?" मावशी म्हणायच्या, "उद्या." आणि म्हणायच्या, "मी आहे ना. तुम्हाला एकटं टाकून मी कुठे जाणार आहे?"

त्यानंतर मावशी दुपारी खाली जाऊन गाडीत बसू लागल्या. शेजारच्या सीटवर त्यांना कधी काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. पण डोळे मिटून पडलं असताना खोलीत कोणी आलं तर कळतं ना, तसं त्यांना कळायचं. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सांगून काय, लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण गाडी विकायची नाही, टाकायची नाही, जिथे आपण तिथे गाडी, हे तेव्हाच ठरलं.

२

ट्रेलर बोळात येईना, म्हणून मोठ्या रस्त्यावरच उभा राहिला. लांबलचक, दुमजली, गाड्या लादलेला. कंपनीचा माणूस आणि ट्रेलरवाला चालत पार्किंगमध्ये आले.

कंपनीचा माणूस तोंडपाठ धडा म्हटल्यासारखं बोलत होता. गाडीत सामान ठेवायचं नाही. पेट्रोल थोडंच. किल्ली ट्रेलरवाल्याकडे. आता चारी बाजूंनी फोटो काढणार, म्हणजे पुढे ओरखड्यांवरून वाद नको. वाटेत प्रत्येक मुक्कामी एक फोटो फोनवर येईल.

"गाडीत काही नाही ना, मावशी?"

"नाही."

डाव्या सीटची पाठ मावशींनी फोटोपुरती सरळ केली. कॅप्टन गेल्यापासून सीटचा तो कोन त्यांनी मोडला नव्हता.

"काचा पूर्ण वर घ्या."

मावशींनी वाकून हँडल फिरवलं. काच कुरकुरत वर गेली आणि दोन बोटं उरली तिथे हात आपोआप थांबला.

"पूर्ण, मावशी. वाटेत धूळ असते, पाऊस असतो. शिवाय फटीतून तार घालून दार उघडणारे महाभाग कमी नाहीत."

"थोडीशीच आहे हो."

"नियम आहे."

आता नियमापुढे काय बोलणार? मावशींनी हँडल शेवटपर्यंत फिरवलं. काच वरच्या रबरात रुतली. त्या क्षणी त्यांच्या मनात आलं की सांगावं. अहो, आपण मुलाकडे राहायला चाललोय, तुम्ही या गाडीतून, मी विमानाने, काळजी करू नका. एवढंच सांगायचं होतं. पण दोन परके पुरुष घड्याळ बघत उभे, शेजारी चौकीदार, आणि घर भाड्याने घेणारी मुलगी किल्ल्या न्यायला आलेली. रिकाम्या सीटशी बोलायचं कसं? मावशींना लाज वाटली. त्यांनी टपावर हात ठेवला, काढला, आणि दार लावलं.

भाडेकरू मुलगी गोड होती. नुकतं लग्न झालेलं, घरीच मशीनवर कपडे शिवायची. मावशींनी तिला तीन जिने चढून घर दाखवलं. न्हाणीचा नळ कसा पिळायचा, बेलचं बटण कसं जोरात दाबावं लागतं, सगळं.

"तुमची आठवण येईल सगळ्यांना," ती म्हणाली.

"येऊन जाईल," मावशी म्हणाल्या, आणि खिडकीतून खाली बघितलं. गाडी बोळाच्या टोकाला वळत होती. पार्किंगमध्ये तेलाचा एक डाग उरला होता.

३

मुलाच्या घरात मावशींना स्वतंत्र खोली होती. पांढऱ्या भिंती, नवी गादी, लिफ्ट दाराशी. सून समजूतदार. दोघं सकाळी कामावर गेली की घर इतकं शांत व्हायचं की फ्रिजची घरघर सोबतीला बरी वाटायची. खोलीत मावशी एकट्याच होत्या, आणि ते त्यांना नीट कळत होतं. इथे दुसरं कोणी नाही. जे आहे ते वाटेत आहे.

पहिला फोटो आला. ट्रेलर एका पेट्रोलपंपावर उभा. राखी गाडी खालच्या मजल्यावर सगळ्यात मागे. मावशींनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. मग संध्याकाळी मुलाला दाखवला.

"ही काच पांढरी का दिसते रे?"

"कुठली? ही? वाफ धरलीय, आई. आत दमट असलं की होतं. मॅट धुतल्यास ना तू?"

"धुऊन खडखडीत वाळवल्या."

"मग सीट ओली असेल."

"सीट कशाला धुवेन मी?"

"अगं, हवेतसुद्धा पाणी असतं! तू जरा डोकं शांत ठेव."

दुसऱ्या मुक्कामाच्या फोटोत तीच काच, तशीच पांढरी. आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांच्या काचा लख्ख. राखी गाडीची समोरची काचही लख्ख. फक्त डाव्या सीटच्या बाजूची धुरकटलेली, आणि तीही पूर्ण नाही. बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर जेवढा भाग येईल तेवढीच.

मावशी काही भोळ्या नव्हत्या. देव्हाऱ्यातला दिवा विझला म्हणून घाबरणाऱ्यातल्या त्या नव्हेत. त्यांनी मुलाच्या गाडीत संध्याकाळी एक ओला टॉवेल ठेवायला लावला. मुलगा हसला, पण ठेवला. सकाळी दोघं खाली जाऊन बघतात तर चारही बाजूंच्या काचा धुरकट.

"बघ! सांगितलं नव्हतं?" मुलगा म्हणाला.

"चारही," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ओल सगळीकडे पसरते. डावं-उजवं करत नाही."

मुलाने डोक्याला हात लावला. त्याला वाटलं, आई अजून सावरली नाही. खरंच होतं ते. तो त्या रात्री सुनेशी हळू आवाजात बोलत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सून उगाचच कामावरून लवकर आली.

४

ट्रेलरवाल्याचा फोन आला तेव्हा मावशी भाजी निवडत होत्या.

"मावशी, राग मानू नका, एक विचारतो. तुमच्या गाडीत मांजर-बिंजर तर नाही ना राहिलं?"

मावशींच्या हातातली जुडी तशीच राहिली. "का हो?"

"काचेवर वाफ धरते सारखी. मी कुलूप काढून बघितलं. सीटखाली बघितलं, डिकी बघितली. काही नाही. म्हटलं विचारावं, एखादं जनावर मेलं-बिलं तर पाप आमच्या माथी."

"मांजर नाही."

"आणि मावशी, ती सीट. तुम्ही पाठ सरळ केली होती ना? माझ्याकडे फोटो आहे. इथे ती मागे पडलेली होती. ब्रेकने पडली असेल म्हणून मी सरळ केली. सकाळी परत पडलेली."

"तुम्ही ती सरळ करू नका," मावशी म्हणाल्या. "तशीच राहू द्या."

फोन ठेवल्यावर त्यांना हसूच फुटलं. डोळ्यांना धार लागली आणि तोंडावर हसू, असं दोन्ही एकदम. एवढे दिवस जी गोष्ट त्या मनातल्या मनात धरून होत्या, ती आता एका अनोळखी माणसाने फोनवर सांगितली होती. आले. सोबत आले. मागे राहिले नाहीत. मावशी स्वयंपाकघरात एकट्याच म्हणाल्या, "बरं झालं बाई!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दार उघडून मिटलं तरी काच पूर्ण लावलेलीच आहे.

ती आपणच लावली आहे. रबरात रुतेपर्यंत. तेव्हापासून तो माणूस आत आहे, सीट मागे पाडून, जमेल तेवढा श्वास घेत. त्यांना ती धाप आठवली. आधी लहान लहान, मग शिट्टीसारखी, मग मध्येच काहीच नाही, आणि त्या थांबण्यात आपलाही श्वास अडकायचा. मेलेल्या माणसाला हवा कशाला लागते, असं त्यांनी स्वतःला विचारून बघितलं. उत्तर सोपं होतं. पण मग काचेवर जमत होतं ते काय?

तिसरा फोटो आला. या वेळी पांढऱ्या काचेच्या मधोमध एक जागा पुसलेली होती. आतून. हाताच्या तळव्याएवढी, खाली ओघळ आलेले.

मावशींनी फोटो मुलाला दाखवला नाही. सरळ ट्रेलरवाल्याला फोन लावला.

"काच थोडी खाली करा हो. डावीकडची. दोन बोटं फक्त."

"नाही जमायचं मावशी. काही चोरीला गेलं तर मला भरून द्यावं लागेल. नोकरी जाईल."

"त्यात चोरण्यासारखं काय आहे? माझ्यावर सगळी जबाबदारी. हवं तर लिहून देते."

"कंपनीला विचारा मग."

"कंपनीला काय सांगू?" मावशींचा आवाज चढला. "माणूस गुदमरतोय हो आत!"

बोलून गेल्या खऱ्या, आणि जीभ चावली. आता हा फोन ठेवणार, मुलाला कळवणार, मुलगा डॉक्टरांची वेळ घेणार. पलीकडे ट्रेलरच्या केबिनचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मावशी," ट्रेलरवाला म्हणाला, "मला त्या गाडीकडे पाठ करून जेवता येत नाही. परवापासून. कोणाला सांगितलं नाही मी." तो खाकरला. "मुक्कामाला पोचलो की करतो. व्हिडिओ काढून पाठवतो, म्हणजे पुढे माझ्यावर काही येणार नाही."

५

व्हिडिओ दुपारी आला. मावशींनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसून बघितला.

भर उन्हातला एक मोकळा माळ, कडेला वजनकाट्याची टपरी. ट्रेलरवाल्याचा एक हात किल्ली लावतो. दार उघडतं. हात हँडल फिरवतो आणि काच कुरकुरते. वाफ वरच्या कडेपासून विरायला लागते. दार बंद होतं. "बघा मावशी, झालं तुमच्या मनासारखं," असं म्हणून ट्रेलरवाला वळतो आणि चालू लागतो, पण फोन बंद करायचा राहतो. हात खाली लोंबतो आणि चित्र तिरकं होतं. माती, चाक, परत माती. मग एकदाच, हात झुलून मागे जातो तेव्हा, गाडीची डावी काच दिसते.

फटीतून चार बोटं बाहेर आली होती आणि काचेची कड धरून होती. पोहून थकलेला माणूस काठ धरतो तशी.

पुन्हा माती. चित्र संपलं.

मावशींनी ट्रेलरवाल्याला फोन लावला.

"तुम्ही हातमोजे घालता का हो? काचेला अडकवून ठेवले होते का?"

"हातमोजे? नाही बा. का?"

"काही नाही. देव तुमचं भलं करो."

व्हिडिओ त्यांनी पुन्हा लावला नाही. भीती वाटली का? वाटली, खोटं कशाला बोला. अंगावर काटा आलाच. पण त्याहून जास्त हायसं वाटलं. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मावशींना गाढ झोप लागली, इतकी की सून दोनदा डोकावून श्वास चालू आहे ना ते बघून गेली.

पुढच्या फोटोत काच स्वच्छ होती. त्याच्या पुढच्यातही. मावशींना वाटलं, हवा मिळाली, आता आराम पडला.

गाडी आली ती रविवारी सकाळी. मावशी गजरा हुंगावा तशा दार उघडून आत वाकल्या. धुळीचा वास आला. तापलेल्या प्लास्टिकचा आला. त्या चाकामागे बसल्या, डोळे मिटले आणि वाट बघत राहिल्या.

शेजारी सीट होती. नुसती सीट. पाठ सरळ.

"मी म्हटलं होतं ना, दमटपणा होता," मुलगा बाहेरून वाकून म्हणाला. "बघ कशी स्वच्छ आली काच."

"सीट तुम्ही सरळ केलीत?" मावशींनी ट्रेलरवाल्याला विचारलं.

तो गाडीपासून जरा लांबच उभा होता. "नाही मावशी. काच उघडली ना, त्यानंतर मी हातच लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर सीट सरळ. मला वाटलं, बरं झालं, सुटलो."

"तो माळ... जिथे काच उघडलीत. तिथे आसपास काय आहे?"

"काही नाही. काटा आहे आणि रस्ता आहे."

"तिथून माणूस चालत निघाला तर?"

"कुठे?"

दिवसभर मावशी गाडीतच बसून होत्या. सीट मागे पाडून बघितली, काच खाली करून बघितली, "अहो" म्हणून बघितलं, आता लाज न बाळगता. लेकरं खेळत होती ती थांबून बघायला लागली. संध्याकाळी सुनेने हाताला धरून वर आणलं. लिफ्टमध्ये मावशी हुंदके देऊन रडल्या, गेले त्या दिवशीही रडल्या नव्हत्या इतक्या. सुनेला वाटलं, जुनं दुःख आहे. तिला काय सांगणार की हे नवं आहे? तो माणूस कसाबसा आपल्यासोबत निघाला होता. आपण कुठे चाललोय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि वाट उघडली ती आपणच. दया म्हणून.

हवा मिळाली, अंगात बळ आलं, तसा तो उतरला, आणि त्याला जिथे जायचं माहीत होतं तिकडे गेला.

६

पावसाळा येऊन गेला. मावशींनी गाडी पुसायची सोडली. मुलाने एकदा भीत भीत विकायचा विषय काढला, तर म्हणाल्या, "विक." मुलगा चाटच पडला.

एका दुपारी भाडेकरू मुलीचा फोन आला. आधी तब्येत झाली, हवापाणी झालं. मग ती घुटमळली.

"मावशी, एक विचारू? वेड्यासारखं वाटेल."

"विचार."

"आपल्या बिल्डिंगमध्ये कोणी म्हातारं माणूस आहे का, दम लागणारं? गेल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, पहिल्या जिन्यावर कोणीतरी धापा टाकत बसलेलं असतं. जाऊन बघितलं तर कोणी नाही. आम्ही हसलो. मग तेच दुसऱ्या जिन्यावर ऐकू यायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तर पाण्याचा तांब्या ठेवला बाहेर. आणि आज सकाळी... आज आमच्या दाराबाहेर आहे, मावशी."

मावशी पलंगावरून उठून उभ्या राहिल्या. किती चालला असेल हा माणूस. पार्किंगमध्ये गेला असेल आधी. तिथे दुसऱ्याची गाडी बघितली असेल. मग म्हणाला असेल, ही वर असेल. आणि ते जिने. ते तीन जिने.

"बेल वाजली का?"

"एकदा. अगदी बारीक, जोर नसल्यासारखी. मी दाराच्या भिंगातून बघितलं. कोणी नाही. पण आवाज येतोय अजून. हे कामावर गेलेत, मी एकटी आहे. मला फार भीती वाटते हो."

"घाबरू नकोस. फोन दाराजवळ धर."

"काय?"

"धर बाळ. माझ्यासाठी."

चपलांचा आवाज आला, मशीनला काहीतरी लागल्याचा आला. मग फोन लाकडाला टेकला आणि मावशींना ऐकू आलं. लहान लहान श्वास. मग शिट्टी. मग काहीच नाही.

त्या थांबण्यात मावशींचा स्वतःचा श्वास अडकला. सांगायचं किती होतं. की मी तिथे नाही. की घर दुसऱ्यांचं झालंय. की मी तुम्हाला टाकून गेले नव्हते, सोबत घेऊन निघाले होते. पण तोंडातून नेहमीचंच निघालं.

"अहो!" त्या म्हणाल्या. "आलात?"

पलीकडचा श्वास थांबला. नुसता थांबला नाही, ऐकू लागल्यासारखा थांबला.

मग बेल वाजली. या वेळी जोरात, बटण नीट दाबून. परत वाजली. आणि परत.

"मावशी, काय केलंत!" मुलगी रडायला लागली होती. "थांबतच नाहीये. तुमचा आवाज ऐकून... मावशी, त्याला वाटतंय तुम्ही आत आहात!"

"दार उघड गं. अगं, दार उघड त्यांना."

"नाही हो, नाही, मी नाही उघडणार."

"उघड! माणूस दारात उभा आहे!"

फोन खाली पडला असावा. मुलीचा आवाज लांब गेला, आतल्या खोलीचं दार आपटलं. बेल चालूच होती. उभ्या आयुष्यात कॅप्टननी कधी दुसऱ्यांदा बेल वाजवली नव्हती. त्यांना ठाऊक असे, आवाज ऐकला की ही येतेच.

फोन कानाला धरून मावशी खोलीतून बाहेर आल्या, बैठकीतून धावत गेल्या, कडी काढली आणि मुलाच्या घराचं दार सताड उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. कानात बेल वाजत होती.

"आले हो, आले," मावशी म्हणत राहिल्या.